रिपोर्ट नॉर्मल आहे

चौकातल्या लॅबमध्ये रक्त द्यायला आलेल्या माणसाला दोन शंका असायच्या. सुई दुखेल का, आणि ही बाई कधी हसते का? सुई दुखायची नाही. तिचा हात इतका हलका की रडायच्या तयारीनं तोंड वासलेली पोरं तोंड तसंच ठेवून बघत राहायची. आणि हसायचीही ती, पण संध्याकाळी, कागद हातात देताना. "नॉर्मल," एवढंच म्हणायची. समोरच्याच्या डोक्यावरचं ओझं धपकन खाली यायचं. कुणी हात जोडायचं, कुणी तिथंच बाकावर बसकण मारून घरी फोन लावायचं. एका म्हाताऱ्यानं एकदा विचारलं होतं, "बाई, नॉर्मल म्हणजे नेमकं काय हो?" ती म्हणाली होती, "म्हणजे घरी जा, आजोबा." त्याला ते उत्तर इतकं पटलं की जाताना दारातल्या चार जणांना सांगून गेला.

गल्लीत तिला लॅबवाली म्हणायचे, घरात धाकटी. चाळिशी ओलांडली होती, केस कानावर पिकले होते, तरी धाकटीच. कारण वर थोरली होती, तिची जाऊ.

हा शब्द तिच्या मागे लग्नाच्या बोलणीपासून लागलेला. स्थळ आणणाऱ्या मावशीनं सांगितलं होतं, मुलगा दिसायला नॉर्मल आहे. म्हणजे बेताचाच होता. पगार नॉर्मल आहे, म्हणजे वीस तारखेनंतर शेजारी हात पसरायचा. घर नॉर्मल आहे, म्हणजे दोन भावांत मिळून एक स्वयंपाकघर आणि एकच न्हाणीघर. "आणि घेतो का काही?" असं तिच्या आईनं खालच्या आवाजात विचारलं, तेव्हा मावशी म्हणाली, "नॉर्मल घेतो." ह्या शेवटच्या नॉर्मलची खोली लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात कळली. नवरा भांडखोर नव्हता. संध्याकाळी घ्यायचा, मग दुपारी घ्यायला लागला, मग सकाळी हात थरथरायला लागले म्हणून सकाळीही. पस्तिशीत पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेला.

मधल्या काळात एक पोरगी झाली. अठरा तास कळा दिल्या. मूल निळं पडून बाहेर आलं, त्याला रडवायला नर्स किती वेळ पाठीवर थापट्या मारत होती. पण पोट कापावं लागलं नव्हतं, म्हणून तीच नर्स बाहेर येऊन मिरवत म्हणाली, नॉर्मल डिलिव्हरी. बाहेरच्यांनी सुस्कारा टाकला. वर्ष होत आलं तरी पोरगी मान धरेना, तेव्हा त्याच दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलं की ही नॉर्मल मुलांसारखी वाढायची नाही. आता चिमी चौदा वर्षांची होती. अंगानं आईच्या खांद्याला लागलेली, समजेनं चार वर्षांची. हसली की सगळी हसायची, हातापायांसकट.

धाकटी लॅबमध्ये गेली की चिमी दिवसभर थोरलीकडे. ह्यात कुणी कुणावर उपकार करतंय असं दोघीही बोलून दाखवत नव्हत्या, पण मनात दोघींच्या असायचं. थोरली हाडापेरानं दणकट, जीभ तिखट. चिमीला आंघोळ घालायची, वेणी घालायची, कपड्यांचे चिमटे मोजायला शिकवायची. पाचच्या पुढं चिमीची गाडी जात नव्हती, तरी रोज पहिल्यापासून. "एक, दोन, तीन... अगं भवाने, सहा! सहा काय तुझ्या बापानं खाल्ले?" चिमी खिदळायची. तिला ती मोठी आई म्हणायची, आणि आईला नुसती आई. कधीकधी धाकटीला हा मोठी शब्द गळ्यात काटा अडकावा तसा अडकायचा.

थोरले दीर पंखे आणि मिक्सर दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. त्यांच्याकडेही नॉर्मल होतं. दुरुस्त केलेला पंखा घरघर करत फिरायला लागला की गिऱ्हाईकाला म्हणायचे, "नॉर्मल चालतोय. आवाजाकडं लक्ष देऊ नका."

आणि थोरलीकडचं नॉर्मल? ते धाकटीला एका रविवारी कळलं.

थोरलीच्या मुलीचं लग्न ठरवायला पाहुणे यायचे होते. आदल्या दिवशी भांडी घासता घासता थोरली म्हणाली, "चिमीला मागच्या खोलीत ठेवू या का? दोन तासांचा प्रश्न आहे. त्यांना घर नॉर्मल दिसू दे. एकदा लग्न होऊ दे, मग कुणी का बघेना." धाकटी भांडी विसळत राहिली. घर दिराचं, छप्पर दिराचं, पोरीला सांभाळणारी हीच. बोलायला तोंड असून भागत नाही, पायाखाली जमीन लागते. रविवारी चिमीला मागच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी लावली, आवाज येऊ नये म्हणून पुढं टीव्ही लावला. दोन तासांचे चार झाले. पाहुण्यांना चहा देताना धाकटी हसत होती, आणि टीव्हीच्या आवाजाखालून दारावर काहीतरी खरवडल्याचा आवाज तिला एकटीला ऐकू येत होता.

कडी काढली तेव्हा चिमीच्या दोन बोटांची नखं उचकटली होती. कपडे ओले, घसा बसलेला, डोळे कुणाकडंच न बघणारे. थोरलीनंच तिला उचलून न्हाणीघरात नेलं, धुतलं, बोटांना मलम लावलं, लावताना रडलीही. मग नाक पुसून म्हणाली, "माझं चुकलं म्हण. पण ठरलं गं." दुसऱ्या दिवशी चिमी सगळं विसरून मोठ्या आईच्या मांडीवर जाऊन बसली. लग्न झालं, मुलगी दूर गावी गेली, घरात पुन्हा कुणी ह्या गोष्टीचं नाव काढलं नाही.

आता लॅबची रीत सांगायला हवी.

आसपासचे तीन डॉक्टर तिथं चिठ्ठ्या पाठवायचे. चिठ्ठीवर सहीच्या खाली बारीकशी बरोबरची खूण असली की तिचा अर्थ लॅबला ठाऊक होता. ह्या माणसाला विशेष काही नाही, मनाच्या समाधानासाठी तपासण्या लिहिल्यात, खोलात जाऊ नका. खूण असलेल्या रक्ताच्या ट्यूब वेगळ्या ट्रेमध्ये जायच्या. दुपारी जेवणाआधी तो ट्रे बेसिनमध्ये रिकामा व्हायचा, वरून नळ सोडायचा, आणि मग रिपोर्ट टाइप व्हायचे. मशीनला खायला महागडं औषध लागतं, ते वाचायचं. लॅबच्या मालक डॉक्टरनं तिला हे एकदम सांगितलं नव्हतं. ही रीत सुरू झाली त्या पहिल्या वर्षी तो स्वतः ओतायचा. दुसऱ्या वर्षी म्हणाला, मला आज घाई आहे. तिसऱ्या वर्षी काही म्हणायची गरज राहिली नाही.

आणि ह्या कामात ती तरबेज निघाली. बाईचं हिमोग्लोबिन साडेअकराच्या आसपास द्यायचं, पण साडेअकरा कधी नाही. अकरा पूर्णांक सात, बारा पूर्णांक एक. गोल आकडा खोटा वाटतो हे तिनं स्वतःच हेरलं होतं. म्हाताऱ्यांची साखर हद्दीला किंचित टेकवून द्यायची, म्हणजे कागदावर विश्वासही बसतो आणि म्हातारा चार दिवस गोड कमी खातो. तरुण पोरांना एखादा आकडा मुद्दाम थोडा वाकडा. पाच-सहा वर्षांत तिनं इतक्या माणसांना बसल्या जागी नॉर्मल केलं होतं की एखादा साधुबाबा लाजावा. त्यातलं कुणी मेल्याचं तिच्या कानावर आलं नव्हतं. कानावर येण्यासारखं ती विचारतही नव्हती.

ओळखीच्या माणसाची ट्यूब त्या ट्रेमध्ये आली तर मात्र ती गुपचूप उचलून मशीनच्या ट्रेमध्ये ठेवायची. दूधवाल्याची ठेवली होती, समोरच्या शिंपिणीची ठेवली होती. चिमीची तर ती दोनदा लावायची.

थोरलीच्या मुलीच्या लग्नाला सहा महिने झाले असतील, थोरलीला थकवा धरायला लागला. सकाळी तोंड सुजायचं, संध्याकाळी पाय. ओकारी यायची. चार भांडी घासून खाली बसायची. घरात कुणाला ते दिसत नव्हतं, कारण थोरली बसली तरी भांडी घासून झालेली असायची. शेवटी ती आपली आपण डॉक्टरकडं गेली. डॉक्टरनं वय विचारलं, मुलीचं लग्न झालं का ते विचारलं, मान हलवली आणि चिठ्ठी लिहिली. ती चिठ्ठी घेऊन थोरली लॅबमध्ये आली आणि बाही वर करून धाकटीच्या समोर बसली. सहीखाली खूण होती.

"तुझ्या मशीनला तरी दिसू दे बाई माझं दुखणं," थोरली म्हणाली. "घरात काय, मी भिंत आहे."

धाकटीनं रक्त काढलं. थोरलीला सुई कळलीसुद्धा नाही.

त्या दिवशी ट्रेमध्ये एकोणीस ट्यूब होत्या. थोरलीची अकरावी. दहा रिकाम्या करून झाल्यावर ती हातात आली. धाकटीनं नाव वाचलं. मशीन डाव्या बाजूला दोन पावलांवर होतं, बेसिन समोर. रागानं ओतली म्हणावं तर एक थेंब बाहेर उडाला नाही. चुकून ओतली म्हणावं तर नाव वाचून ओतली. मनात आलं ते एवढंच, की हिला काय धाड भरलीय, दगडासारखी तर आहे. आणि त्याच्याही खाली, जिथं माणूस स्वतःचासुद्धा हात कधी घालत नाही, तिथं एक दार होतं, बाहेरून कडी लावलेलं. लाल रंग पांढऱ्या भांड्यात पसरला. तिनं नळ सोडला आणि बारावी उचलली.

दुपारी रिपोर्ट टाइप करताना थोरलीसाठी तिनं जरा जास्तच नीट काम केलं. हिमोग्लोबिन किंचित कमी दिलं, बायकांचं असतंच. किडनीचा आकडा शून्य पूर्णांक आठ. खाली स्वतःची सही.

संध्याकाळी दिरांनी तो कागद चष्मा लावून मोठ्यानं वाचला. एकेक ओळ, पुढं नॉर्मल, पुन्हा ओळ, पुन्हा नॉर्मल. मग चष्मा काढून बायकोकडं बघत म्हणाले, "पंखा नॉर्मल आहे. नुसता आवाज करतोय." स्वतःच हसले. फोनवर मुलगीही हसली. थोरलीनं एकदा कागदाकडं पाहिलं, एकदा धाकटीकडं, आणि उठून कणीक मळायला घेतली.

त्यानंतर थोरलीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. ओकारी आली तर दीर म्हणायचे, रिपोर्ट नॉर्मल आहे, पोट साफ ठेव. दुपारी आडवी झाली तर म्हणायचे, माणूस रिकामा बसला की दुखणी सुचतात. दीर दुष्ट नव्हते. कागदावर विश्वास ठेवणारे होते, आणि कागद घरच्या माणसानं दिलेला होता. काही दिवसांनी थोरलीनं स्वतःच तक्रार सोडली. विचारलं कुणी तर म्हणायची, मला काही झालेलं नाही, मी आळशी झालेय.

धाकटीला दिसत होतं. लॅबमध्ये वीस वर्षं काढलेल्या बाईला सुजलेल्या पायाचा अर्थ सांगावा लागत नाही. चिमीनं तर त्या पायांचा खेळच केला होता. मोठी आई बसली की तिच्या नडगीत अंगठा दाबायची, खळगा पडायचा, तो बराच वेळ तसाच राहायचा. "खळी पडली," म्हणून टाळ्या पिटायची आणि शेजारी दुसरी पाडायची. थोरली तिला पाडू द्यायची. धाकटी दारातून ते बघायची आणि आत निघून जायची.

एकदा तिनं विषय काढला. म्हणाली, ताई, पुन्हा एकदा रक्त बघू या का, कधीकधी चुकतं मशीन. थोरली चिमीची वेणी घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "एकदा हसं झालं तेवढं पुरे. तू म्हणालीस काही नाही, मग नाहीच." धाकटीनं आग्रह केला नाही. आग्रह करायचा तर कारण सांगावं लागलं असतं. तिनं मनाशी एक हिशोब मांडला होता आणि त्याला ती दोन्ही हातांनी धरून होती. त्या दिवशी थोरलीचं रक्त खरंच नॉर्मल असेल तर? नसेल असं कोण सांगणार? तपासलंय कुणी?

तीन महिने असेच गेले. एका सकाळी चिमीच्या डोक्यावर पाणी ओतता ओतता थोरली न्हाणीघरात आडवी झाली. तोंडाला फेस, हातपाय झटके देत होते. चिमीला वाटलं मोठी आई गंमत करतेय. तीही शेजारी ओल्या फरशीवर आडवी झाली आणि हातपाय झाडायला लागली. दिरांनी दार उघडलं तेव्हा दोघी तशाच होत्या.

मोठ्या दवाखान्यात दोन तासांत कळलं. किडनीचा आकडा साडेनऊ. नळ्या लावून मशीनवर रक्त धुवायला घेतलं. किडनीची डॉक्टर तरुण बाई होती, केस घट्ट बांधलेली, घाईत असून शांत बोलणारी. दिरांनी घरातली फाइल नेली होती. तिनं ती उघडली, तीन महिन्यांपूर्वीचा कागद काढला आणि त्याच्यावर थांबली. मग दीर आणि धाकटी, दोघांना बाजूच्या खोलीत बोलावून सगळं नीट समजावून सांगितलं. दोन शक्यता आहेत, म्हणाली. किडनी अचानक बिघडली असेल तर परत येऊ शकते, पण त्याला शरीराची सगळी राखण झोपवणारं जबरदस्त औषध द्यावं लागतं, आणि ते आत्ताच. किडनी वर्षानुवर्षं सुकत आली असेल तर त्या औषधाचा काडीचा उपयोग नाही. नुसती राखण जाते, आणि दारात येईल तो पहिला जंतू माणूस घेऊन जातो. तसं असेल तर औषध नको, आठवड्यातून तीनदा मशीनवर यायचं. त्यावर माणसं कित्येक वर्षं काढतात. सोनोग्राफीवरून धड ठरत नव्हतं, आणि किडनीचा तुकडा काढून बघावा तर रक्तस्राव थांबला नसता.

"म्हणून सगळं ह्या कागदावर आहे," ती म्हणाली. "तीन महिन्यांपूर्वी हे खरंच नॉर्मल होतं का?"

दीर म्हणाले, "ही बसलीय ना. हिनंच केलाय."

धाकटी म्हणाली, लॅबचं रजिस्टर बघून सांगते. एक तास मागितला. डॉक्टरीणबाईनं घड्याळ बघून दिला.

ती चालतच लॅबमध्ये गेली. मालक डॉक्टर जेवत होता. तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. त्याचा घास थांबला नाही. डबा संपवून, हात धुऊन, त्याच बेसिनपाशी टॉवेलला हात पुसत तो म्हणाला की चिठ्ठीवरची खूण दुसऱ्या डॉक्टरची, रिपोर्टवरची सही तुमची, ह्यात मी कुठंच नाही. आवाज चढवला नाही. उलट ताई म्हणाला. "तुम्ही आत गेलात ताई, तर तुमच्या मुलीचं कोण करणार? जाऊ तर दवाखान्यात." मग स्वतःच्या हातानं तिला पाणी दिलं आणि विचारलं, थंड देऊ की नॉर्मल? विचारल्यावर त्यालाही काही वाटलं नाही, तिलाही नाही. तिनं घटाघट पाणी प्यायलं.

परत जाताना तिनं ठरवलं होतं, सांगायचं. दवाखान्याच्या जिन्यावर दीर बसले होते, चिमीला मांडीशी घेऊन. चिमीनं आईला बघून हात पसरले. दीर उठून उभे राहिले आणि त्यांनी असं तोंड केलं, जसं लॅबच्या बाकावरून उठणारी माणसं करतात. वीस वर्षं ती ते तोंड बघत आली होती. त्या तोंडाला द्यायचं एकच उत्तर तिला येत होतं.

"नॉर्मल होता," ती म्हणाली. मग आत जाऊन डॉक्टरीणबाईलाही तेच सांगितलं. खात्रीचा आहे, मीच केला होता, रजिस्टरमध्ये नोंद आहे.

औषध चालू झालं.

आणि तिसऱ्या दिवशी थोरली उठून बसली. त्या औषधाचा तसा गुण असतो, पहिले चार दिवस माणसाला घोड्यावर बसवतं. गाल भरले, भूक लागली, डोळ्यांत तेज आलं. नर्सला दम भरला, नवऱ्याला दाढी करून यायला सांगितलं. चिमीला काचेबाहेर उभं केलं तर आतून बोटं दाखवून मोजायला लावलं. एक, दोन, तीन, चार, पाच. आत सोडत होते फक्त एकाला, तोंडाला फडकं बांधून. थोरलीनं धाकटीला बोलावलं.

"ये बस. तुझ्या त्या कागदानं वाचवलं बघ मला," ती म्हणाली. "डॉक्टरीण म्हणाली, तो नसता तर औषधच दिलं नसतं." आणि जरा थांबून, चादरीच्या कडेला चाळा करत, "चिमीचं ते खोलीचं... तू कधी बोलली नाहीस. बोलायला हवं होतंस गं. दोन शिव्या घातल्या असत्यास तर मलाही बरं वाटलं असतं."

धाकटीच्या तोंडाला फडकं बांधलेलं होतं. त्याच्या आत ओठ हलले की नाही हे थोरलीला दिसलं नाही.

पाचव्या दिवशी डॉक्टरीणबाईनं तिला पुन्हा गाठलं. लघवी वाढत नाहीये, म्हणाली. आता दुसरं औषध द्यायचं आहे, पहिल्यापेक्षा जड. ते एकदा दिलं की मागं फिरता येत नाही. कुणी चिडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती अगदी सौम्यपणे विचारत होती. "चुका होतात. ट्यूबची अदलाबदल होते. कुणाला काही म्हणायचं नाहीये मला. फक्त खरं काय ते कळू दे."

इतकं सोपं करून दिलेलं दार पुन्हा कुणी उघडणार नव्हतं. नुसतं अदलाबदल झाली असेल म्हटलं असतं तरी चाललं असतं. सहीही वाचली असती, नोकरीही. पण काचेच्या पलीकडं थोरली भाकरी थापावी तशी उशी दोन हातांनी थोपटून ठीकठाक करत बसली होती, चांगली दिसत होती, आणि धाकटीच्या मनातला तो जुना हिशोब एकदम तरतरीत झाला. बघ, औषध लागू पडतंय. म्हणजे त्या दिवशी नॉर्मलच असणार. म्हणजे आपण ओतलं ते नॉर्मलच होतं.

"नाही," ती म्हणाली. "अदलाबदल नाही झाली."

दुसरं औषधही दिलं गेलं. नवव्या दिवशी थोरलीला ताप भरला. फुफ्फुसात जंतू शिरला, मग तिथून रक्तात पसरला. अंगात लढायला शिपाईच नव्हता. बाराव्या दिवशी सकाळी, फरशी पुसणारी बाई पलंगाखालून ओला बोळा फिरवत असताना ती गेली. दुरून आलेल्या मुलीची आणि तिची भेट झाली नाही.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दीर तो कागद दाखवायचे. बघा, तीन महिन्यांपूर्वी सगळं नॉर्मल होतं. माणसं माना हलवायची. म्हणायची, माणसाचं काही खरं नाही हो. म्हणायची, पण घरात लॅबमधली बाई होती म्हणून निदान शेवटपर्यंत काही राहून गेलं नाही. एका शेजारणीनं धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात पाठीवर होता तोवर धाकटीनं श्वास घेतला नाही.

चिमीला मरण कळलं नाही, पण सकाळ कळत होती. रोज कंगवा घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी राहायची. धाकटी वेणी घालायला गेली की डोकं बाजूला घ्यायची. दुसऱ्या कुणाचा हात तिला चालत नव्हता, आईचासुद्धा. शेवटी धाकटीनं तिचे केस कापून टाकले. ती लॅबमध्ये गेली की दीर चिमीला दुकानात घेऊन बसायचे आणि तिच्यापुढं स्क्रूंचा डबा ठेवायचे. ती पाचपर्यंत मोजायची आणि दाराकडं बघायची.

महिन्याभरानं दीर चिमीचा हात धरून लॅबमध्ये आले. बारीक झाले होते. बाकावर नंबर लावून बसले, घरचे म्हणून पुढं घुसले नाहीत. नंबर आल्यावर बाही वर करून म्हणाले, "मलाही थकवा येतोय. बघ एकदा."

त्यांच्याकडं चिठ्ठी नव्हती, खूण नव्हती. धाकटीनं रक्त काढलं, कुणाला न विचारता मशीनला लावलं, आकडे आले ते पाहिले, आणि पुन्हा एकदा लावलं. दोन्ही वेळा तेच आले. साठीच्या माणसाचं इतकं स्वच्छ रक्त तिनं कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. कागद छापून ती बाहेर आली. ह्या खेपेला ती हसली नाही, पण आवाजात काहीतरी होतं, बऱ्याच वर्षांनी खरं बोलायला मिळालेल्या माणसाच्या आवाजात असतं तसं.

"भाऊजी, सगळं नॉर्मल आहे."

दिरांनी कागद घेतला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला, मनातल्या मनात. सहीपाशी आले.

"तिचाही असाच होता," ते म्हणाले.

त्यात आरोप नव्हता. पंखा का फिरत नाही हे न कळल्यावर ते जसे पंख्याकडं बघायचे, तसे ते कागदाकडं बघत होते. धाकटीला सांगायचं होतं की हा खरा आहे. ओठावर आलं होतं. पण हा खरा आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न कोणता येणार, हे पंखे दुरुस्त करणाऱ्या माणसालाही कळलं असतं. ती म्हणाली, काळजी करू नका, जेवत जा वेळेवर.

त्यांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली, चिमीला उठवलं. दारातून बाहेर पडून ते घराकडं वळले नाहीत. रस्ता ओलांडायला थांबले. समोर दुसरी लॅब होती, गेल्या वर्षीच उघडलेली. धाकटीनं काचेतून पाहिलं, ते पायऱ्या चढले, आतल्या खुर्चीवर बसले आणि दुसऱ्या हाताची बाही वर करायला लागले. चिमी शेजारी उभी राहून काचेवर बोट टेकवून इकडं बघत होती.

बाकावरच्या बाईनं विचारलं, पुढचा नंबर माझा ना? धाकटी म्हणाली, हो, या.